डाग जागा बदलतात

२१ एप्रिल २०२५, सोमवार

मोनाली आमच्या रविवार पुरवणीची संपादक. वय एकोणतीस. मला 'सर' म्हणते आणि मग जे सांगायचं ते हुकमासारखं सांगते. आज फोन आला, पुरवणीत 'तेव्हा आणि आता' करायचं आहे. पडद्यावर त्वचेचे विकार कसे दाखवले, तेव्हा लोक त्याबद्दल काय म्हणाले, आज काय वाटतं. खलनायकाच्या गालावरचा व्रण, पापाचं फळ म्हणून येणारा महारोग, गोरं करणारी मलमं, सगळं. माझ्या वाट्याला 'पांढरं पाऊल'. सन २००१ची मालिका, तेरा भाग. तिच्यात एक कांचनमावशी होती. अंगावर पांढरे डाग. भर उन्हात गच्चीवर उभी राहून ज्याच्याकडे हात करेल त्याचं वाटोळं.

मलाच का, हे मी विचारलं नाही. मालिकेचं परीक्षण मीच लिहिलं होतं. मोनालीने कात्रण शोधून पाठवलं. त्यातलं एक वाक्य इथे उतरवून ठेवतो : 'रंगभूषा हास्यास्पद आहे. कांचनमावशीचे डाग दर भागात जागा बदलतात. असे डाग मर्त्य माणसाच्या अंगावर असत नाहीत.' मर्त्य! तिशीत संस्कृतचं एम. ए. अंगात होतं आणि उतरवणारं कुणी भेटलं नव्हतं.

शब्दावरून थोडं वाजलं. मोनालीला 'कोड' हा शब्द नको, 'व्हिटिलिगो' हवा. कोड म्हटलं की लोक दुखावतात म्हणे. मी तिला सांगितलं की कोड हा 'कुष्ठ'चाच झिजलेला वंशज, म्हणजे तिचा आक्षेप हजार वर्षं उशिरा का होईना, रास्त आहे. मात्र संस्कृतात 'श्वित्र' असा स्वच्छ शब्द आहे, तो घे. ती म्हणाली, "सर, श्वित्र वाचून लोक कुत्र्याची जात समजतील."

रात्रीच्या जेवणाला चारूला सगळं सांगितलं. चारुलता, माझी पत्नी, नेरुळच्या शाळेत गणित शिकवते. कालपासून तिला सुट्टी लागली. माझ्या लिखाणाबद्दल ती सहसा काही विचारत नाही. आज विचारलं, "आता त्या बाईबद्दल काय लिहिणार?" म्हटलं, आधी बघतो तर खरं. एवढ्या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते हल्ली. शिक्षिकांची काय फॅशन असेल ती असो.

२३ एप्रिल, बुधवार

दुपारी पहिले तीन भाग पाहिले. कुणीतरी सगळे इंटरनेटवर चढवून ठेवले आहेत.

मला स्वतःला बरोबर ठरवायचं होतं, म्हणून कागद घेऊन बसलो. पहिल्या भागात डाग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा. दुसऱ्यात भुवईपर्यंत. तिसऱ्यात भुवईचं टोक पांढरं. म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी मी खोटं लिहिलं नव्हतं. समाधान वाटलं, आणि ते कुणाला दाखवण्यासारखं नाही हेही कळलं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ती कॅमेऱ्यात बघते. तिथे मी चित्र थांबवलं. डोळ्याच्या पापणीचे तीन केस पांढरे आहेत. बाकीचे काळे. इतका आळशी रंगभूषाकार पापणीचे तीन केस निवडून रंगवील का?

चित्र पुढे जाऊ दिलं. चौथ्या भागात तिच्या पापण्या पुन्हा काळ्याभोर आणि डाग पहिल्या भागात होता तिथेच, तेवढाच. जणू चेहराच मागे सरकला.

२५ एप्रिल, शुक्रवार

आमच्या सोसायटीचा वॉचमन भैरू. मूळचा माण तालुक्यातला, पंधरा वर्षं सीवूड्समध्ये, तरी बोलणं अजून माणमधलंच. आज गेटवर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, बी विंगच्या गच्चीवर बाई उभी असतीया."

कपडे वाळत घालत असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, वाळत घालणारी बाई हलते. ही हलत नाही. अकराच्या ठोक्याला येते, तोंड बांधलेलं, एक हात पुढे काढून सूर्याकडं धरते आणि थोड्या वेळाने दिसेनाशी होते. या आठवड्यात तीनदा. गच्चीला तर कुलूप.

बी विंग म्हणजे आमचीच. गच्चीच्या दोन चाव्या आहेत. एक सोसायटीच्या ऑफिसात, ती भैरूने तपासली, जागेवर आहे. दुसरी आमच्या कपाटात, कारण पाण्याच्या टाकीचं काम चारूकडे आहे. म्हणजे चावीचा प्रश्न मिटला.

मी भैरूला विचारलं, टीव्हीवर जुन्या मालिका बघतोस का. नाही म्हणाला. बघत असता तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल, सोमवार

पाहिली.

अकराला पाच कमी असताना समोरच्या इस्त्रीवाल्याकडे जाऊन उभा राहिलो. ऊन असं की डांबराला वास येत होता. बरोबर अकराला कठड्यामागे ती आली. डोकं-तोंड फिकट ओढणीने गुंडाळलेलं. उजवा हात कोपरापर्यंत उघडा, कठड्याबाहेर. बोटं अलगद खाली. जशी कांचनमावशी उभी राहते तशीच.

थोड्या वेळाने ती कठड्यामागे दिसेनाशी झाली, तेव्हा मी धावलो. लिफ्ट वरून खाली येत होती, थांबायला वेळ नव्हता, म्हणून जिन्याने चढलो. या वयात सात मजले. गच्चीच्या दाराला बाहेरून कुलूप. कुलपाला हात लावला तर ते उन्हात नसूनही कोमट. आणि तिथे एक वास, कडवट, औषधी, जुन्या वैद्याच्या फडताळातला. बाकुचीसारखा. बावची म्हणतात ती. लहानपणानंतर कधी घेतला नव्हता.

घरी आलो तर चारू ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. धापा का टाकताय म्हणाली. मी भूत पाहिलं असं कसं सांगणार? मी रज्जुसर्पन्याय मुलांना शिकवलेला माणूस. अंधारात दोरीला साप समजू नये हे ठीक, पण उजेडात काय करावं याबद्दल आचार्य काही बोलत नाहीत. म्हटलं, व्यायाम. ती म्हणाली, "उन्हात?" आणि बाह्या नीट करत आत गेली.

३० एप्रिल, बुधवार

मालिका २०१३ साली पुन्हा लागली होती. मला आठवत नव्हतं. तोवर लोकांचं म्हणणं बदललं होतं. कुणीतरी तक्रार केली की डाग दाखवणं हा अपमान आहे. मग वाहिनीने डाग धूसर केले. ते भागही इंटरनेटवर आहेत. बाईच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला धुक्याचा गोळा, तो तिच्याबरोबर चालतो, बोलतो, हसतो. मूळ मालिकेत एवढी भीती वाटत नाही. अपमान टाळण्यासाठी त्यांनी तिचा गालच काढून घेतला.

आणि आताचे प्रेक्षक. खाली प्रतिक्रिया वाचल्या. बहुतेक पंचविशीतले. एकाने लिहिलं आहे : 'ही भूमिका खऱ्या व्हिटिलिगो असलेल्या कलाकाराला द्यायला हवी होती. निरोगी नटीला रंग फासणं म्हणजे थट्टा.' त्याला चार हजार लोकांची मान्यता. मला पटलं. लेखाचा शेवट यावरच करणार. मी रंगभूषा वाईट म्हटली, ती मुळात असायलाच नको होती. एका वाक्यात प्रायश्चित्तही आणि पुरोगामीपणाही.

चारूने विचारलं, "ती बाई आता कुठे असते?" म्हटलं, शोधतोय.

आज अकराला मी ऑफिसच्या कॉलवर अडकलो होतो. भैरूने खालून फोन केला. "आलीया."

२ मे, शुक्रवार

पुन्हा. यावेळी इस्त्रीवाल्याच्या मागे उभा राहून घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत तिने एकदा हात पालथा केला, तेवढंच. कोपराखाली तो हात प्रेतवत् शुभ्र होता. बाकी अंग सावळं. ऊन त्या हातावर पडत होतं आणि तिथेच थांबत होतं, पुढे जात नव्हतं. खाली रस्त्याने भाजीवाला ओरडत गेला, शाळेच्या व्हॅनमधून छंदवर्गाची पोरं उतरली, आणि वर ती कुठल्यातरी दुसऱ्याच दिवसात उभी होती. चोवीस वर्षांपूर्वी मी जिला 'मर्त्य नाही' म्हणालो ती मला दाखवायला आली आहे, की ती खरंच मर्त्य नाही.

हा परिच्छेद बरा झाला आहे. लेखात वापरता येईल.

इस्त्रीवाला जयप्रकाश मात्र निर्विकार. "आपके बिल्डिंग की मैडम है कोई," एवढंच म्हणाला. ज्याला कल्पनाशक्ती नाही त्याची झोप चांगली असते.

५ मे, सोमवार

आज तळवलीला गेलो.

मालिकेच्या श्रेयनामावलीत नटीचं नाव 'गीतांजली' असं एकटंच येतं. खरं नाव मालतीबाई, घणसोलीजवळच्या तळवलीच्याच. त्यांचा मुलगा प्रीतम याने पत्ता दिला. जुन्या घराच्या जागी तीन मजली इमारत, वरचे मजले भाड्याने. ओट्यावर एक साठीपलीकडची गोरीपान बाई कोळंबी सोलत बसली होती. गोरी म्हणजे युरोपातली म्हणावी अशी. मी विचारलं, मालतीबाई आहेत का.

"मीच," ती म्हणाली. मग माझं तोंड पाहून हसली. "डाग बगताव काय? ते संपले. आता मीच डाग हाय."

मी बसलो.

पसरत पसरत दहा वर्षांत सगळं अंग पांढरं झालं. वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरणी तिला साबण कुठला लावता असं विचारतात. ती कुणाला कुठला, कुणाला कुठला सांगते.

मग मी विचारलं, म्हणजे तेव्हा, मालिकेत...

तिने कोळंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. नाटकात काम करायची, तिथे निर्मात्याने तिला डागांमुळेच निवडलं होतं. रंग नव्हताच. दर आठवड्याला चित्रण आणि दर आठवड्याला डाग थोडा पुढे. पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांवर आज माझा विश्वास नाही.

"तुमचा पेपर आला नी ते लोक घाबरले. म्हनाले, डाग हालतान असं छापून आलंय. मग मेकपवाला पयले माज्या अंगाव कातडीचा रंग फासायचा, नी त्याच्याव पयल्या भागातले डाग काडायचा. फोटो बगून. माज्या खऱ्या डागाव माजेच खोटे डाग. नऊ-दहा भाग तसंच केलं मी." आणि थोडं थांबून, "तुमी लिवलं ते खोटं नव्हतं. डाग हालत व्हते. फकस्त ते मानसाच्या अंगाव व्हते."

पापणीचे तीन केस.

मी माफी मागितली. तिने मान हलवली, स्वीकारली की उडवली ते कळलं नाही. चहा दिला. निघताना म्हणाली, "परत लिवनार ना? बरं. या टायमाला मना खोटी नको करू."

घरी येऊन चारूला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती ती थांबली. एकच प्रश्न, "लग्न झालं होतं का त्यांचं, तेव्हा?" हो म्हटलं. "नवरा काय म्हणाला?" हे मी विचारलं नव्हतं. एवढा वेळ बसून महत्त्वाचं विचारलंच नाहीत, म्हणाली. गणिताची बाई, तिला प्रत्येक पायरी लागते.

६ मे, मंगळवार

मालतीबाईंना फोन केला. नवऱ्याचं विचारलं. त्या बराच वेळ हसल्या. मालिकेआधी त्या घरात डाग पावडरीखाली झाकायच्या, त्यामुळे त्याला ते पहिल्यांदा दिसले तेव्हा तो शूटिंगचा रंग समजला. रोज संध्याकाळी विचारायचा, "आज पन रंग धुतला नाय?" तीन महिने. मग एका दिवशी विचारायचं थांबला. का थांबला ते ना त्याने सांगितलं ना यांनी विचारलं.

जेवताना हे चारूला सांगितलं, मलाही हसू आलं. ती नाही हसली. "तीन महिने म्हणजे तसं लवकरच कळलं म्हणायचं," म्हणाली.

लेख पुन्हा लिहायला घेतला. चार हजारांची मान्यता असलेलं वाक्य काढलं. काय गंमत आहे. २००१मध्ये मी म्हणालो डाग खोटे. २०१३मध्ये वाहिनी म्हणाली डाग दाखवू नका. आज पोरं म्हणतात खऱ्या डागांची बाई घ्या. दर दहा-बारा वर्षांनी नवा न्यायाधीश, प्रत्येकाचा निकाल आधीच्यापेक्षा सभ्य, आणि समोर उभी असलेली बाई तिघांनाही दिसलेली नाही.

मोनालीला मालतीबाईंची गोष्ट आवडली. तरी म्हणाली, पर्सनल टच हवा, तुमच्या घरात, नात्यात कुणाला आहे का? म्हटलं, कुणालाच नाही. फोन स्पीकरवर होता. चारू स्वयंपाकघरात होती, तिथली भांडी वाजायची थांबली. लेख छापायच्या आधी वाचू का, असं तिने नंतर विचारलं. मी म्हटलं, रविवारी वाचशीलच की.

९ मे, शुक्रवार

लिहायला बसलो आहे, पण आधीची पानं वाचून हात चालत नाही.

आज पावणेअकराला मी गच्चीच्या दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसलो. बातमीदार म्हणवतो, तर समोरासमोर बघू असं ठरवून. कुलूप होतं. खाली लिफ्टचं दार वाजलं, लिफ्ट वर यायला लागली. तिच्यातून ओढणी गुंडाळलेली बाई बाहेर आली. हातात चावी. मला बघून थांबली. ओढणीतून फक्त डोळे दिसत होते, आणि मला कळलं की हे डोळे मी अठ्ठावीस वर्षं बघतो आहे.

"पायरीवर काय बसलाय, कंबर धरेल," चारू म्हणाली. "या, आलाच आहात तर."

कुलूप उघडलं. ओढणी तशीच ठेवली. बाही वर केली. कोपराखाली मनगटापर्यंत तीन डाग, एक मोठा, नकाशातल्या बेटांसारखे. मलम आधीच लावलेलं होतं, तोच वास. कठड्याशी जाऊन तिने हात उन्हात धरला आणि घड्याळ बघितलं. दिवाळीत पहिला दिसला. वाशीचे डॉक्टर म्हणाले, बरा होईल, होणार नाही, सांगता येत नाही. मलम लावून दिवसाआड ऊन घ्या, चेहऱ्याला मात्र लागू देऊ नका. आपल्या बाल्कनीत दुपारपर्यंत ऊन येत नाही.

दिवाळीत. म्हणजे सहा महिने. मालतीबाईंच्या नवऱ्याच्या दुप्पट.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस.

"तुम्हालाच दिसेल म्हणून थांबले. मग तुम्ही लेख लिहायला घेतला ना. म्हटलं, आधी काय लिहिताय ते बघू." मग माझ्याकडे न बघता, "वही टेबलावरच असते तुमची. वाचली मी."

कठड्याला टेकायचं होतं, कठडा तापलेला होता.

"सगळी?"

"गेल्या शनिवारी, दोन तारखेपर्यंतची. नंतरची नंतर. बरं लिहिलंय. प्रेतवत् शुभ्र हे जरा जास्त झालं. आणि अकरा मिनिटं नाही, बारा होती. मोजताना घाबरला असाल."

ती हसवत होती आणि तिचा आवाज सरळ नव्हता. वाचूनही ती सोमवारी वर आली, बुधवारी आली. आपण नवऱ्याच्या वहीत हडळ आहोत हे माहीत असून वेळ मोजत उभी राहिली. एका बाईला खोटं ठरवल्याची चूक मी चोवीस वर्षांनी तपासायला निघालो, आणि त्याच तीन आठवड्यांत रोज, चांगल्या मराठीत, तीच चूक पुन्हा केली. यावेळी छापलंही नाही कुणी, तरी जिने वाचायची तिने वाचली.

"एकच सांगते," ती म्हणाली. "मला लेखात घालू नका. तुमच्या मोनालीला पर्सनल टच पाहिजे म्हणून मी हात देणार नाही."

११ मे, रविवार

लेख आला. काल शेवटच्या क्षणी मोनाली पुन्हा म्हणाली, सर, काहीतरी घरातलं. सांगितलं, घरातलं घरात आहे. तिला वाटलं मी चिडलो. माझं जुनं परीक्षण अख्खं छापलं, 'मर्त्य'सकट. त्याखाली मालतीबाईंचं म्हणणं, त्यांच्या बोलीत, एक अक्षर न बदलता. 'कोड' हा शब्द त्यांच्या तोंडी होता, तो मोनालीने राहू दिला. माझं मत कुठेच नाही. गेल्या तीस वर्षांत माझ्या मताविना आलेला हा पहिला लेख, आणि तोच वाचून फोन आले.

चारूने सकाळी चहाबरोबर वाचला. अनुस्वाराच्या दोन चुका दाखवल्या. बाकी काही नाही. पण अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून समोर बसली होती.

१२ मे, सोमवार

अकराला दोघेही वर गेलो. भैरूला खालीच सांगून ठेवलं, मॅडम आहेत. तो म्हणाला, "मला वाटलंच हुतं." वाटलं नव्हतं, पण असू दे.

आज पहिल्यांदा मी तो हात जवळून पाहिला. मोठ्या बेटाच्या मधोमध दोन-तीन तपकिरी ठिपके आले आहेत, मोहरीएवढे. डॉक्टरांच्या भाषेत ही चांगली खूण. मला काहीतरी बोलायचं होतं. नेहमीसारखं व्युत्पत्तीचंच तोंडात आलं. म्हटलं, कोड कुष्ठावरून आलं असेल, पण कोडकौतुकातलं कोड वेगळं बरं का, त्याचं मूळ...

"वेगळं असेल," चारू म्हणाली. "कोड तर आलं. कौतुकाचं तुम्ही बघा."

मी जवळ सरकलो. हात धरावा म्हणून. तिने तो किंचित मागे घेतला.

"सावली पडतेय तुमची," ती म्हणाली. "अजून सात मिनिटं आहेत. जरा या बाजूला उभे राहा."

मी त्या बाजूला उभा राहिलो.